मावशीचं माप

"कोंबड्या सांभाळायला शेजारच्या काकू कशाला हव्यात? मी आहे की घरात!"

हे वाक्य मास्तर बोलून गेले, तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या हे त्यांचं दुर्दैव. एरवी दिवसातले आठ तास त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्यामुळेच त्यांचा संसार तेहतीस वर्षं बिनबोभाट चालला, असं गल्लीतले जाणकार म्हणतात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार आणि मागच्या अंगणात कोंबड्या, अशी त्यांच्या घराची शिवण आहे. कोंबड्या मास्तरीणबाईंच्या. (या बाईंनीही कधी कोणाला शिकवलेलं नाही, नवऱ्याला सोडून. तोही अजून पहिलीतच आहे.) बाईंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या दहा दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या. "कोंबड्यांचं मी काकूंना सांगून जाते," असं त्या म्हणाल्या, आणि मास्तरांचा पुरुषार्थ उगाचच जागा झाला.

"जमेल ना पण?" बाईंनी विचारलं.

"अगं, मी माणसांना वळण लावतो. कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस!"

बाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, त्याची दोन बटणं तुटलेली होती, आणि पिशवी उचलली.

आता या कोंबड्या काही दुकानातल्या एकसारख्या पांढऱ्याफेक नव्हेत. कुठून कुठून आलेल्या, कोणाचा बाप कोण याचा पत्ता नाही, चिंध्यांच्या गोधडीसारख्या रंगीबेरंगी. त्यांतल्या एकीलाच तेवढं नाव होतं. मावशी. एखादी मावशी लग्नघरात शिरल्याबरोबर जशी सगळ्यांना कामाला लावते, तशी ही अंगणात शिरेल त्याच्या पायाला चोच मारायची. मुलगी लग्न होऊन दूर गेली त्याच आठवड्यात मावशी घरात आली होती. एवढंसं पिल्लू. बाईंनी तिला इस्त्रीच्या टेबलाखाली खोक्यात, ऊब देऊन वाढवलं. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाई आठवण करायच्या, "मावशीशी बोललात का?" मग मास्तर मागच्या दारात उभे राहून म्हणायचे, "काय मावशी, बरं आहे ना?" मावशी येऊन त्यांच्या चपलेवर चोच मारायची आणि दिवस सुरू व्हायचा. मास्तर मनाशी म्हणायचे, पोरीच्या जागी बायकोनं कोंबडी मानली आहे. मानू दे. आपलं काय जातंय दोन शब्द बोलायला.

बाई गेल्या. पहिले तीन दिवस मास्तरांनी दाणे टाकले, पाणी भरलं, "काय मावशी, बरं आहे ना?" म्हणून दुकान उघडलं. चौथ्या दिवशी असंच म्हणून ते वळले आणि दारातच थबकले. काहीतरी राहून गेलं होतं. खिशाला हात लावला, किल्ल्या होत्या. डोळ्यांना हात लावला, चष्मा होता. मग लक्षात आलं की चपलेवर चोच बसली नव्हती.

"मावशी?"

सात कोंबड्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. एकही पुढे आली नाही.

मास्तर अंगणभर धावले. खुराड्यात पाहिलं, पिंपामागे पाहिलं, बाजूचं फळीचं दार पाहिलं. ते सताड उघडं होतं. कधीपासून उघडं होतं, देव जाणे. शेवटची चोच कधी बसली होती, काल की परवा, तेही आठवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: बायको हातातली पिशवीही खाली न ठेवता मागच्या अंगणात जाते, हाक मारते, आणि कोणी येत नाही. बाई चिडल्या असत्या तर मास्तरांना चाललं असतं. रागावलेल्या बायकोची त्यांना सवय होती. पण मुलगी गेली त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून कोरडीच भांडी पुसत होत्या, ती पाठ मास्तरांना पुन्हा बघायची नव्हती.

म्हणून त्यांनी ठरवलं, बायको यायच्या आत मावशी जागेवर पाहिजे. मिळाली तर तीच. नाही मिळाली तर तिच्यासारखी दुसरी.

दोन दिवस त्यांनी गल्लीबोळ पालथे घातले. "गिऱ्हाईकाचं माप घ्यायला चाललोय," असं सांगत लोकांच्या कुंपणांतून वाकून बघत हिंडले. मावशी मिळाली नाही. तेव्हा तिच्यासारखी दुसरी आणायची हे नक्की झालं, आणि तिथेच गाडं अडलं. तिच्यासारखी म्हणजे कशी?

मास्तर गल्लीभर छाती पुढे काढून सांगत आले होते, "एकदा पाहिलेलं माप मी जन्मात विसरत नाही." ते खरंही होतं. वीस वर्षांपूर्वी शिवलेल्या कोटाची छाती ते झोपेतसुद्धा सांगतील. पण आयुष्यभर मशीनवर वाकून त्यांची नजर हातभर अंतरावर पक्की बसली होती. सुईचं भोक दिसायचं, पण अंगणातली कोंबडी म्हणजे नुसतं हलणारं कापड. रोज बोलायचे तिच्याशी, पण बघितलं कोणी होतं!

त्यांनी भिंतीपलीकडच्या काकूंना गाठलं. कोंबडी हरवली असं तर सांगता येत नव्हतं. काकूंना सांगणं आणि दवंडी पिटणं यांत फरक एवढाच, की दवंडीवाला मध्ये श्वास घेतो.

"काकू, सहज विचारतो हं."

"विचारा की."

"आमची मावशी दिसायला कशी आहे हो?"

काकू ओलं फडकं पिळत होत्या. हात थांबला. "कोणती?"

"कोणती म्हणजे? एकच तर आहे."

"हो हो, एकच आहे. पहिल्यापासून एकच." काकूंनी फडकं पुन्हा पिळलं, त्यातून आता थेंबही पडत नव्हता. "का हो मास्तर? तुम्हाला काही वेगळं वाटलं का?"

मास्तरांनी मनाशी म्हटलं, हिला संशय आला! "छे छे! वेगळं काय वाटायचंय? सगळं जिथल्या तिथं आहे."

"अर्थात. जिथल्या तिथंच असणार."

"मग दिसायला कशी आहे म्हणालात?"

"तुमची कोंबडी, मला काय विचारता! त्या उघड्या मानेवरून तर शेंबडं पोरसुद्धा..." काकूंनी जीभ चावली. "म्हणजे कोंबडीला मान असते, एवढंच म्हणाले मी. मी बाई कोणाच्या भानगडीत पडत नाही."

(काकू भानगडीत पडत नाहीत हे वाक्य गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं.)

तेवढ्यात काकूंच्या सरपणाच्या खोलीतून 'कुर्रर्र' असा आवाज आला.

"कसला आवाज?" मास्तरांनी विचारलं.

"दार करकरतंय. तेल घालायला हवं," म्हणत काकू लगबगीनं आत गेल्या.

मास्तरांनी खिशातली वही काढली आणि लिहिलं: मान उघडी.

दुपारी जुने पोस्टमन पँटची कंबर सोडवून घ्यायला आले. ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांची कंबर दर सहा महिन्यांनी सोडावी लागत होती. मास्तरांनी टेप गुंडाळता गुंडाळता विषय काढला.

"आमची मावशी आठवते का हो तुम्हाला?"

"आठवते?" पोस्टमननी तिथल्या तिथे पँट गुडघ्यापर्यंत ओढली. "ही बघा तिची सही! काळीकुट्ट, कोळशासारखी. आणि पायांना बोटांपर्यंत पिसं. मोजे घालून फिरतेय असं वाटायचं. अहो, गल्लीतले कुत्रे मला बघून शेपूट हलवायचे, पण तुमचं पत्र आलं की मी दुरूनच आत फेकायचो."

मास्तरांनी लिहिलं: अंग काळं. पायमोजे.

दुसऱ्या दिवशी दूधवाला. गेल्या वर्षापर्यंत तो दूध मागच्या दारानं द्यायचा, आता पुढच्या दारानं देतो.

"मावशी ना? पांढरी! डोक्यावर ही एवढी शेंडी. पावडर लावायचा पफ असतो ना, तसा."

"पांढरी? काळी नव्हे?"

"मास्तर, मी दूधवाला आहे. पांढरं मला कळतं."

दूधवाला मावशीला बघायचा तो दिवस उजाडायच्या आत. त्या उजेडात त्याला काळं अंग दिसलं नसेल, नुसती पांढरी शेंडीच दिसली असेल, असा मास्तरांनी हिशोब लावला. लिहिलं: टोपी पांढरी. शेवटी त्यांनी खुराड्यातल्या पेंढ्यात हात घालून पाहिला, तर मावशीच्या कोपऱ्यात तीन पिसं सापडली. ती निघाली तांबूस! दुसरा कोणी असता तर इथे कपाळाला हात लावून बसला असता. पण मास्तर कारागीर माणूस. त्यांनी पिसं उलटसुलट केली, बोटांत चुरडून पाहिली आणि लिहिलं: अस्तर तांबडं.

रात्रीचं जेवण विसरून नव्हे, पण जेवता जेवता त्यांनी खाकी कागदावर कोंबडीचं कटिंग काढलं. पुढचा भाग, पाठ, दोन्ही बाह्या. मावशीचं माप तेवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती चोच मारायला आली की गुडघ्याच्या किती खाली लागते त्यावरून उंची एक वीत चार बोटं. तांबूस पिसं त्यांनी नमुन्याच्या कापडासारखी एका पुठ्ठ्यावर टाचली. आणि शनिवारच्या बाजारात, जिथे कोंबड्या विकणारे आजोबा बसतात, तिथे जाऊन पुठ्ठा पुढे केला.

"आजोबा, ह्याला मॅचिंग दाखवा."

आजोबा सत्तर पार केलेले. कोंबडी हातात न घेता, नुसत्या ओरडण्यावरून तिचं खानदान सांगतात अशी त्यांची ख्याती. त्यांनी पुठ्ठा उलटा धरला, सुलटा धरला. "हे काय? पिसावरून कोंबडी मागता? उद्या बटण दाखवून नवरा मागाल. जात कोणती?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे आलो असतो का? घरच्याच आहेत, मिश्र."

"मिश्र असली म्हणून काय झालं! घराणं लपत नाही. हे बघा." आजोबांनी टोपलीतून एक कोंबडी बाहेर ओढली आणि तिला हातावर उताणी टाकली. "तुरा बघायचा. हा उभा करवतीसारखा आहे की चपटा फुलासारखा? मग कानाची पाळी. ही पांढरी, म्हणजे हिच्यात कुठेतरी विलायती लेगहॉर्न जात आहे, अंडं पांढरं देणार. पाळी लाल असली की अंडं बहुतेक तपकिरी. मग पायाची नळी, पिवळी की करडी. मग बोटं मोजायची. चार असतात, पण पाच निघाली तर समजा पाहुणा परका. आता बोला. तुमचीचा तुरा कसा?"

"तुरा कोणी सांगितला नाही."

"कोणी सांगितला नाही म्हणजे? कोंबडी तुमची ना?"

"बायकोची."

"असं," आजोबा म्हणाले. त्या एका शब्दात बरीच सहानुभूती होती. "मग जे माहीत असेल ते वाचा."

मास्तरांनी वही उघडली आणि घसा साफ केला. "अंग काळं. टोपी पांढरी, झालरीची. कॉलर नाही. पायमोजे. अस्तर तांबडं."

आजोबांनी पुठ्ठा त्यांच्या हातात परत ठेवला. "मास्तर, हा तर बँडवाल्याचा ड्रेस झाला."

"पण तीन जणांनी सांगितलंय!"

"तेच म्हणतो मी. पायांना पिसं म्हणजे कोचीन जातीचं रक्त. मोठ्ठी, जडशीळ कोंबडी ती. शेंडी पोलिशची. मान उघडी, ती तिसरीच जात. आजी एक, पणजी एक असं एकेक लक्षण येतं, नाही असं नाही. पण सगळीच्या सगळी एकीला? ही कोंबडी नाही हो, कमिटी आहे! अशी एक जरी मिळाली तर मला आणून दाखवा, मी तिला खुर्चीवर बसवीन."

"आजोबा," मास्तर हळूच म्हणाले, "सोमवारी बायको परत येतेय."

आजोबांचंही लग्न झालेलं होतं. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. सगळ्या टोपल्या उपसल्या आणि तळातून एक काळी काढली, डोक्यावर पांढऱ्या पिसांचा लहानसा झुबका असलेली. मान मात्र भरगच्च आणि पाय स्वच्छ उघडे.

"यापेक्षा जवळचं माझ्याकडे नाही," आजोबा म्हणाले. "उरलेलं नशिबावर सोडा."

पण शिंपी नशिबावर काही सोडत नसतो. फिटिंगमध्ये फरक राहिला तर तो ऑल्टर करतो. मास्तरांनी आजोबांच्या कोटाला नवं अस्तर घालून द्यायचं कबूल केलं आणि काळीला बगलेत मारून घरी आले.

रविवारभर दुकानाला आतून कडी होती. मास्तरांनी आधी कात्री हातात घेतली, कोंबडीच्या मानेकडे पाहिलं, कोंबडीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि कात्री त्यांनी परत ठेवून दिली. जिवंत कापड कापायचं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. मग पेटीतून कोणाच्या तरी पार्टीच्या झग्याचं उरलेलं गुलाबी सॅटिन काढलं आणि त्याची छान दोन बोटं रुंद कॉलर शिवली. लांबून पाहिलं तर मान सोलल्यासारखी गुलाबी दिसावी, हा हेतू. (लांबून मास्तरांना तसंही काहीच दिसत नाही, त्यामुळे हेतू लगेच सफल झाला.) मग मऊ इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर अंगणातली काळी पिसं ओळीनं टाचून पायांसाठी दोन मोजे केले. शेंडी तोकडी वाटली, तिला उशीतल्या पांढऱ्या पिसांचा एक गजरा जोडला. पोटाखाली तीन तांबूस पिसं, अस्तर दिसावं म्हणून.

मग ट्रायल.

काळी दोन पावलं चालली. पहिल्यांदाच उंच टाचांचे बूट घातलेल्या बाईसारखी एकेक पाय झटकून उचलायला लागली. कॉलर फुगली, गजरा डाव्या डोळ्यावर आला. अंगणातल्या सात कोंबड्यांनी हा अवतार पाहिला आणि सातही जणी एकाच वेळी पिंपावर चढल्या. त्या पिंपावर तिघींपुरतीच जागा होती.

"काय मावशी, बरं आहे ना?" मास्तरांनी घाबरत घाबरत विचारलं.

काळीनं वळून त्यांच्या चपलेवर एक सणसणीत चोच हाणली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं दुखल्यामुळे, निम्मं समाधानानं.

सोमवारी बाई सकाळच्या बसनं येणार होत्या. मास्तर पहाटेपासून अंगणात ठाण मांडून होते. दहा मिनिटांनी एकदा मोजे वर ओढायचे, पाच मिनिटांनी गजरा. नऊच्या सुमाराला बाजूचं दार वाजलं. बाई आल्या, पण पुढच्या दारानं नव्हे, काकूंच्या घरातून आल्या. मागोमाग काकूही. बाईंच्या काखेत काहीतरी तांबडं होतं.

मास्तरांनी काळीला छातीशी धरलं आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "आलीस? ही बघ तुझी मावशी! अगदी जशीच्या तशी! जरा गळाली आहे, तुझी आठवण काढून काढून."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी गुलाबी कॉलर पाहिली. मोजे पाहिले. गजरा पाहिला, तो तेवढ्यात खाली पडला.

"अहो, ही कोण?"

"मावशी!"

"मग माझ्या हातात काय आहे?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "पिशवी?"

पिशवीनं मान वर काढली, लालभडक, उघडीबोडकी मान, आणि 'कुर्रर्र' केलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" काकूंना आता राहवेना. "दहा दिवस माझ्या सरपणात अंड्यांवर बसलीय ती! खुडूक झाली होती म्हणून तुमच्या बायकोनं जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आणून ठेवली."

"आदल्या दिवशी?" मास्तर मटकन पिंपाला टेकले. म्हणजे पहिले तीन दिवस ते कोणाला बरं आहे का विचारत होते? "आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"सांगितलं की," बाई म्हणाल्या. "तुम्ही काज करत होतात. तोंडात टाचण्या होत्या. मान हलवलीत."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. उघडं दार, पोस्टमनचा पाय, दूधवाल्याचा पफ, आजोबांची कमिटी. सांगता सांगता आवाज बारीक झाला. "तुझी पोरीसारखी कोंबडी. गेली असं तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? एकेकाला विचारून, लक्षणं जुळवून तुझी मावशी परत उभी करत होतो."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बाईंकडे पाहिलं. आणि दोघी एकदम हसायला लागल्या. काकूंना तर भिंतीला धरावं लागलं.

"काळी, मोजेवाली, ती पहिली मावशी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोस्टमन होते तेव्हाची. म्हातारी होऊन गेली. मग पांढरी, शेंडीची, तिला गेल्या वर्षी मुंगसानं नेलं. ही तिसरी."

"तिसरी?" मास्तर आ वासून बघत राहिले. "आणि मला कळू दिलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून! पोर गेली आणि तुमचं बोलणंच बंद झालं. घरात माझ्याशी 'हं' आणि 'ऊं'. सकाळी तेवढं त्या कोंबडीशी एक धड वाक्य बोलायचात. म्हटलं, एवढा जीव जडलाय माणसाचा, तर तो आधार तुटायला नको. गेली की आणायची दुसरी. रंग जुळेना, जात जुळेना, तुम्हाला कळेल म्हणून मला आणि काकूंना सारखी धाकधूक. पहिल्यांदा काळीच्या जागी पांढरी ठेवली त्या दिवशी मी दाराआड श्वास रोखून उभी होते. तुम्ही आलात, म्हणालात, 'काय मावशी, बरं आहे ना?' आणि गेलात दुकानात."

"मी तर तुझ्यासाठी बोलायचो! तू रोज आठवण करायचीस म्हणून!"

"आणि मी आठवण करायचे तुमच्यासाठी."

काळीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मास्तरांनी हळूच विचारलं, "म्हणजे मावशी तुला आवडत नाही?"

"मला? अहो, तीन-तीन मावश्यांनी माझ्या पोटऱ्यांची चाळण केलीय. तुम्हाला?"

"मला तर भीती वाटते तिची."

काकू पुन्हा भिंतीकडे गेल्या.

बाईंनी काळीला जवळ घेतलं, कॉलर सोडवली, मोजे उतरवले. मोज्यांची शिवण उलटसुलट करून बघितली. टाके इतके बारीक होते की त्यांचा हात जरा रेंगाळला. एवढी मेहनत या माणसानं बऱ्याच वर्षांत कोणासाठी घेतली नव्हती. "राहू दे हिलाही," त्या म्हणाल्या. "चौथी म्हणून तयार असलेली बरी."

मास्तरांना धीर आला. धीर आला की त्यांची जीभ सैल सुटते. "काही म्हण, पण माणसाचं माप मात्र माझ्या नजरेतून सुटत नाही. कोंबडीचं वेगळं."

"असं?" बाई स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसल्या. "मग बघा माझ्याकडे. काय बदललंय सांगा."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरळ केला. "दंड पाव इंच उतरलाय. बहिणीकडे खाण्याची आबाळ झाली."

"आणखी?"

"डावा खांदा खाली आलाय. पिशवी जड होती."

"चेहऱ्याकडे बघा हो!"

चेहरा मापात येत नाही, त्यामुळे मास्तरांचं तिकडे सहसा जाणं होत नाही. आज त्यांनी नीट पाहिलं. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, चष्मा! झक्क दिसतोय तुला. बहिणीनं करून दिला वाटतं?"

"चार महिने झाले," बाई म्हणाल्या. "आणि चष्म्याच्या दुकानात तुम्हीच आला होतात बरोबर. फ्रेम तुम्ही निवडलीत."